तक्रार : नाही

मंगळवार, ९ ऑक्टोबर

चि. खारोबास अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशील. आम्ही दोघंही ठीक आहोत. गच्चीवरच्या टाकीचा नळ शेवटी बदलून घेतला, त्यामुळे सकाळी जिन्यात पाणी येत नाही. हवा गार झाली की आईचा पाय धरतो, पण काठी घेऊन ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते आणि दुकानदाराशी भांडून परत येते, म्हणजे तब्येत उत्तम. माझ्याकडे क्लॅरिनेट शिकायला एक निवृत्त बँकवाले गृहस्थ यायला लागलेत. समोर चहाचा कप असल्यासारखे फुंकतात. पण वेळेवर येतात आणि चुकले की स्वतःच हसतात. असा विद्यार्थी मला तीस वर्षांत मिळाला नव्हता.

बाबा पत्र का लिहितायत, फोन बिघडला का, असं तुला वाटेल. फोन चांगला आहे. पण फोनवर तू मधे बोलतोस. तुम्हा दातांच्या डॉक्टरांना माणसाच्या तोंडात आरसा घालून मग प्रश्न विचारायची सवय असते. पत्रात माझं तोंड मोकळं आहे.

सोबत निळी डबी पाठवली आहे. उघडून बघितली नाहीस तरी चालेल. तुझीच वस्तू आहे, धुऊन पुसून परत केली आहे.

गेल्या महिन्यात तू परगावी गेला होतास तेव्हा मी तुझ्या दवाखान्यात येऊन गेलो, हे तुझ्या नव्या रिसेप्शनिस्ट बाईंनी सांगितलंच असेल. त्यांना रागावू नकोस. इथल्या झोपेच्या डॉक्टरांना माझी जुनी फाइल हवी होती. मी म्हटलं, "मी डॉक्टरांचा बाप आहे," आणि त्यांनी हसून फाइल हातात दिली. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये अडीच तास. खिडकीबाहेर बघून बघून किती बघणार? मी वाचायला घेतलं.

फोनवर त्या दिवशी मी फक्त ओरडलो. आज ओळीनं लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तरी वाच. माझ्या बाजूनं ते कसं दिसतं हे तुला माहीत नाही.

अडीच वर्षांपूर्वी तू आणि आई, तुम्ही दोघांनी मला धरून तपासणीला नेलंत. तारा लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं की माझा श्वास झोपेत तासाला चोवीस वेळा अडतो. त्याआधी काही महिने गाडीसमोर कुत्रं आडवं आलं आणि आईचा पाय मोडला होता. तेव्हापासूनच ती माझ्या घोरण्याच्या मागे लागली होती, कशावरून काय कोण जाणे. असो. डॉक्टरांनी हवेचं मशीन दिलं. नाकातोंडावर मुखवटा, त्याला नळी. मी चार दिवसांत ते गुंडाळून ठेवलं. ओठ सुकून भेगाळले, आणि ओठ म्हणजे माझा पोटापाण्याचा धंदा.

तेव्हा तू म्हणालास, "बाबा, याला दुसरा उपाय आहे, आणि तो मी करतो." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तू माझ्या दातांचे ठसे घेतलेस आणि ते कवच करून दिलंस. एक वरच्या दातांवर, एक खालच्या. दोन्ही बाजूंना इवलासा स्क्रू. घालून झोपलं की खालचा जबडा पुढे राहतो, जीभ मागे पडत नाही, घसा मोकळा राहतो. तू कागदावर चित्र काढून समजावलं होतंस. दर आठवड्याला आई चष्मा लावून किल्लीनं तो स्क्रू पाव मिलिमीटर फिरवायची आणि घड्याळजीसारखी मान मागे नेऊन बघायची. सकाळी जबडा असा आखडायचा की ब्रेडची कडाही चावता येत नसे. पण दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली आणि चोविसाचे सहा झाले. रक्तदाब उतरला. डोक्यात सदा भरलेला कापूस निघून गेला. तालमीला जाताना मी बसथांब्यावरच्या अनोळखी माणसालासुद्धा सांगायचो, "माझ्या मुलानं केलं हे." आमचे छडीवाले साहेब, अख्खा वाद्यवृंद ज्यांच्या छडीवर चालतो ते, मला म्हणाले, "आता दात दाखवणं पुरे, सूर दाखवा." तेव्हा मी सूरही दाखवले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पहिल्यांदा वरचा स्वर फुटला. एकट्याचा तुकडा होता, संथ, मी दोनशे वेळा वाजवलेला. साध्या जागी आवाज चिरकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मी तुझ्याकडे आलो तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच तुला सांगितलं, "खारोबा, वाद्य तोंडात नीट बसत नाही. वरचे स्वर फुटतात." तू डोक्यावरचा दिवा लावलास. दात मिटायला लावलेस. पट्टीनं मोजलंस, दोनदा मोजलंस. मग दिवा बंद करून म्हणालास, "रीड बदलून बघा, बाबा."

सहा महिन्यांनी पुन्हा सांगितलं. तू म्हणालास, "वयाबरोबर ओठांचे स्नायू सैल होतात."

तू सांगितलंस आणि मी मानलं. मी रीडं बदलली. माउथपीस बदललं. वाद्य दुरुस्तीला पाठवलं. आरशासमोर बसून नवशिक्यासारखा एकेक स्वर लांबवत बसलो. आमचे रीडवाले तुला आठवतात? त्यांनी तुला लहानपणी वेताची शिट्टी करून दिली होती. बावीस वर्षं त्यांनी माझ्यासाठी वेताची पट्टी हातानं तासून रीडं केली. मी त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, ती मूठभर रीडं टेबलावर टाकली आणि म्हणालो, "हात राहिला नाही तुमचा. आता पुरे करा." पट्ट्या गोळा करून त्यांनी खणात ठेवल्या. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही.

मे महिन्यात छडीवाल्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "थोडे दिवस दुसऱ्या खुर्चीवर बसा. वरची कामं चिमणी करेल." चिमणी म्हणजे माझीच विद्यार्थिनी, बारा वर्षं माझ्यापाशी शिकलेली. एकोणीस वर्षं मी पहिल्या खुर्चीवर होतो, एकट्याचे सगळे तुकडे माझे. त्या दिवशी ती बिचारी माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "अगं बस, खुर्ची चावत नाही." घरी आलो आणि आईला सांगितलं की वय झालं. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

आता फाइल.

पहिल्या पानावर माझ्या पुढच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर. दर भेटीला नवीन आकडा, तुझ्या सुबक अक्षरात. साडेतीन. तीन. अडीच. दोन. दीड. मी डॉक्टर नाही, पण उतरता क्रम मला कळतो. गेल्या वर्षीच्या मार्चमधल्या भेटीखाली लिहिलंय : "चावा बदलतो आहे. वादनावर परिणाम होत असावा. रुग्णाला सांगितलेलं नाही. आईशी बोललो." तारीख मी पुन्हा पुन्हा बघितली. त्याच दिवशी तू मला रीड बदलायला सांगितलं होतंस.

म्हणजे तुला कळलं होतं. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकतात आणि खालचा ओठ दातांवर दुमडून रीडखाली उशीसारखा धरावा लागतो. ती उशी दोन मिलिमीटर पुढे सरकली. माझा ओठ सैल पडला नव्हता. माझा जबडा तू हलवलास. उपचारापायी हलवलास, मान्य. पण मग माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून, वयावर ढकललंस.

पुढचं पान संमतिपत्र. त्यात सातवी ओळ साफ आहे : दीर्घ वापरानं दातांची ठेवण कायमची बदलू शकते. खाली माझी सही. खारोबा, ती माझी सही नाही. माझ्या सहीचं शेपूट डावीकडे वळतं, बँकेत त्यावरून तीनदा वाद झालेत. हे शेपूट सरळ आहे. अक्षर तुझ्या आईचं आहे. चौतीस वर्षं तिनं लिहिलेल्या किराणा मालाच्या याद्या घेऊन बाजारात गेलोय मी, मला ओळखू येणार नाही?

आणि सगळ्यात मागे तुझ्या परिषदेतल्या भाषणाची छापील पानं. माझा बाजूनं घेतलेला फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी. खाली : "रुग्ण पुरुष, ५८, वादक. चोवीसवरून सहा. वापर नियमित. तक्रार : नाही."

तक्रार नाही! दर भेटीला मी एकच तक्रार घेऊन तुझ्या खुर्चीत बसलो होतो.

आणखी एक. ते सकाळी चावून धरायचं छोटं प्लास्टिक तू दिलं होतंस ना, "जमलं तर दहा मिनिटं धरा" म्हणून? ते मी खणात टाकलं. इथल्या डॉक्टरांनी परवा सांगितलं की जबडा मागे जागेवर आणायला तेच असतं. का ते सांगितलं असतंस तर दहा काय, चाळीस मिनिटं धरून बसलो असतो. पण का ते सांगायचं तर सातवी ओळ सांगावी लागली असती.

फोनवर तू म्हणालास, "सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता." आणि मग म्हणालास, "बाबा, तुम्ही जिवंत आहात ना?" हो, आहे. दुसऱ्या खुर्चीवर बसून जिवंत आहे.

आईला मी अजून काही विचारलेलं नाही. ताटं वाढताना ती माझ्याकडे बघते आणि मी पाणी मागतो. असे दिवस चाललेत.

वर आशीर्वाद लिहिलेत ते सवयीनं लिहिले गेले. खोडत नाही. पण आज त्यांच्यावर फार विसंबू नकोस.

बाबा

· · ·

रविवार, २ डिसेंबर

खारोबा,

तुझं पत्र आणि परत पाठवलेली डबी, दोन्ही पोचलं. डबीवर चिठ्ठी : "आधी घाला, मग भांडू." तुझा स्वभाव आईवर गेला आहे. पत्र मी दोनदा वाचलं. माफी मागितली आहेस, ती नीट मागितली आहेस. भाषणातली ती ओळ बदलून परिषदेला कळवलंस, तेही वाचलं. बरं केलंस.

इकडच्या बातम्या. बँकवाले गृहस्थ पहिलं गाणं पूर्ण वाजवू लागले, शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, त्या संपलं म्हणून वाजवल्या असाव्यात. आई बरी आहे. मी बरा आहे. गाडी सध्या चालवत नाही. त्याचं पुढे लिहितो. आधी चांगलं लिहितो.

तुझी डबी मी कपाटात ठेवली, कवच घातलं नाही. दहाव्या दिवशी वरचा एक स्वर आला. गोल, स्वच्छ. पंधराव्या दिवशी शेजारचा आला. मी खोलीत एकटाच हसत होतो. अठरा महिने ज्या घराला कुलूप होतं त्याची खिडकी कुणी उघडून दिल्यासारखं वाटलं. आईला हाक मारली, "ऐक, ऐक!" ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "छान आला." आणि लगेच, "आज झोप कशी लागली?" मी म्हटलं, "उत्तम." खोटं होतं. सकाळी डोकं पुन्हा कापसासारखं व्हायला लागलं होतं, पण तेवढी किंमत मी आनंदानं देत होतो. मी एकटाच देतोय असं मला वाटत होतं.

चोविसाव्या दिवशी तालमीत मला डुलकी लागली. माझ्या वाट्याला मधे मिनिटभर गप्प बसायचं होतं. डोळे मिटले, पुढचं माहीत नाही. चिमणीनं पायानं माझी खुर्ची ढोसली तेव्हा छडीवाले छडी वर धरून माझ्याकडे बघत होते आणि सगळे थांबले होते. कुणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हटलं, "खोलीत फार उकडतंय," आणि पुढे वाजवलं. दुपारी गाडी घेऊन घरी निघालो.

मंडईजवळच्या थांब्यावर आई दिसली. एका हातात पिशवी, एका हातात काठी, बसची वाट बघत उभी. मी गाडी कडेला घेतली, काच खाली केली.

"चल, बस."

"नको. बस येईल आता."

"अगं, गाडी समोर असताना बसनं कशाला? पाय दुखतोय ना?"

"दुखू दे. तुम्ही व्हा पुढे."

मागे लोक बघायला लागले. मला राग आला. "हे काय नवीन? एवढं काय झालंय गाडीत बसायला?"

ती दोन पावलं पुढे आली, खिडकीशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "कुत्रं नव्हतं."

बस आली. ती चढली. मी तिथेच गाडीचं इंजिन बंद करून बसून राहिलो. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या दिल्या त्याही ऐकू आल्या नाहीत.

मला ठाऊक आहे की तुला हे माहीत आहे. तिनं तुला तपासणीच्या आधीच सांगितलं होतं, हे आता मला कळलं. तरी मी एकदा स्वतःच्या हातानं लिहितो. मागच्या पत्रात मी "कुत्रं आडवं आलं" असं लिहिलं, आणि लिहिताना हातही अडखळला नाही, इतकं ते तोंडात बसलंय.

सरळ रस्ता होता. दुपारचे साडेतीन, कोरडं ऊन. आई मला काहीतरी सांगत होती. तिचं वाक्य मी अर्धंच ऐकलं आणि माझा डोळा लागला. मग झाड. मला खरचटलंही नाही. तिचा पाय दाराखाली अडकला होता आणि ती ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. लोक जमले, पोलीस आले, त्यांनी विचारलं काय झालं, आणि माझ्या तोंडून कुत्रं बाहेर पडलं. तपकिरी होतं, असंही मी सांगितलं. पोलिसानं तिला विचारलं तेव्हा तिनं स्ट्रेचरवरून मान हलवली, "हो." त्यानंतर दवाखान्यात, नातेवाइकांत, शेजाऱ्यांत ते कुत्रं मी इतक्या वेळा पळवलं की शेवटी मलाच ते दिसायला लागलं. तिनं एकदाही मला खोटं पाडलं नाही. मीही तिला एकदा तरी विचारायला हवं होतं की तुला हे बोलायला जड जातं का. नाही विचारलं.

त्या संध्याकाळी घरी आलो. ती पिशवी रिकामी करत होती. मी समोर खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "त्या कागदावर सही तू केलीस?"

"केली."

"ती ओळ वाचली होतीस?"

"वाचली. चष्मा लावून वाचली."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"नाही म्हटलं असतं."

"मग?" तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "तुमच्या बाजूच्या सीटवर कोण बसतं? मी बसते. मला काही विचारलं होतं का कुणी?"

मी म्हणालो, "मला माहीत असतं तर मी गाडी सोडली असती. वाजवणं ठेवलं असतं. मशीन पुन्हा लावून बघितलं असतं. काहीतरी निवडलं असतं मी."

तिनं भाजी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "ते मला सुचलं नाही हो. मला वाटलं, तुम्ही वाजवणंच निवडाल. नेहमी तेच निवडता." आणि ती रडली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिला मी तीनदा रडताना बघितलंय. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मनातला राग हलत नव्हता. मी उठून तिला पाणी दिलं. एवढंच केलं. तुला खोटं चांगलं लिहून काय उपयोग?

गाडीची किल्ली मी तिच्या पिशवीत टाकली. तिनं ती काढून कुठे ठेवली मला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं बसनं झोपेच्या डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा तारा लावल्या. तासाला सव्वीस. त्यांनी मला जबड्याच्या एका डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्यांनी माझे दात मिटवून, उघडून, मोजून, पाऊण तास बसून सगळं सांगितलं. जबडा थोडा मागे आला आहे, अजून थोडा येईल. दात सरकलेत ते पूर्ण परतणार नाहीत. पूर्वीचा चावा मिळणार नाही. कवच पुन्हा घातलं तर श्वास राहील, चावा आणखी जाईल. मशीन लावलं तर दोन्ही राहतील, पण ते रोज लावावं लागेल. माझं काय म्हणणं आहे, असं त्यांनी विचारलं आणि त्या थांबल्या. खारोबा, त्या नुसत्या थांबल्या, माझ्याकडे बघत, पेन खाली ठेवून.

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही." मी म्हटलं, "बोल. सीट तुझी आहे." मग आम्ही दोघांनी मशीन घ्यायचं ठरवलं.

नाकापुरता छोटा मुखवटा मिळतो आता. तोंड मोकळं राहतं. पहिल्या आठवड्यात मी तो दोनदा भिरकावला, तिसऱ्यांदा आईनं भिरकावू दिला नाही. मी दिसतो अगदी सोंड लावलेल्या हत्तीसारखा. चालतंय. आकडा चारवर आलाय.

त्या बाईंनी तुझं कवच हातात घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "काम फार सुबक आहे. कुणी केलं?" मी म्हटलं, "माझ्या मुलानं." हे तुला मुद्दाम सांगतो. त्या कवचाला मी कधीच नावं ठेवली नाहीत. त्यानं अडीच वर्षं माझा श्वास राखला, आणि बहुधा तुझ्या आईलाही राखलं. तू मला जगवायला बघत होतास हे मला कळतं. तुझ्या आईनं सही का केली तेही कळतं, आणि त्यातला माझा वाटा मी वर लिहिला आहे, एकही शब्द न गाळता.

पण रीडचं मला कळत नाही.

मी परवा रीडवाल्यांकडे गेलो होतो. दुकान उघडं होतं, ते पितळी वाद्यांना पॉलिश करत बसले होते. मी माफी मागितली. सगळं सांगितलं, जबडा, दात, मिलिमीटर. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे रीड बरोबर होतं."

"बरोबर होतं. सगळी बरोबर होती."

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगताय म्हटल्यावर माझाच हात मला परका वाटायला लागला. चाकू धरला की पट्टी जास्तच तासली जायची. मग सोडून दिलं. जून महिन्यात अवजारं विकली." त्यांनी मला चहा पाजला. निघताना म्हणाले, "येत जा. गप्पा मारायला येत जा."

बावीस वर्षांचा हात, खारोबा. तो माझ्या तोंडून गेला, पण माझ्या तोंडात ते तू घातलं होतंस. सही आईनं केली ती घाबरून केली. तू मात्र घाबरला नव्हतास. दिवा लावून, मोजून, आकडा लिहून घेतलास आणि मग ते वाक्य बोललास. माझ्या चुकीच्या स्वरामागे माझं वय आहे असं मला वर्षभर वाटू दिलंस. तुझ्या पत्रात तू लिहितोस, "मला वाटलं, ते ऐकून तुम्हाला कमी दुःख होईल." नाही. ते तुला सोपं पडलं, इतकंच. तू लहान असताना खोटं बोलायचास तेव्हा कान लाल व्हायचे. त्या दिवशी मी तुझ्या दिव्याकडे बघत होतो, कानांकडे बघायचं राहून गेलं.

मी छडीवाल्यांना सांगितलं आहे की पहिली खुर्ची चिमणीकडेच राहू दे. तिचं वाजवणं माझ्या चांगल्या दिवसांइतकं आहे, आणि काही जागी जास्त. मला दुसऱ्या खुर्चीचे स्वर झेपतात. मधले, मांसल स्वर. तिथे बसलं की ऐकायला जास्त मिळतं. मी त्यात सुखी आहे असं लिहीत नाही. तिथे मी बसतो.

आता तुझ्याकडे दोन कामं आहेत. जबड्याच्या डॉक्टर बाईंना माझ्या दातांचे प्लास्टरचे जुने साचे हवेत, उपचार सुरू करण्याआधीचे. ते कुरियरनं थेट त्यांच्याकडे पाठव, पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे. स्वतः घेऊन येऊ नकोस. यापुढे माझे दात त्या बघतील. तू माझा मुलगा राहशील, पण माझा डॉक्टर नाहीस.

दुसरं, आईला भेटायला ये. तिला तू हवा आहेस, ती बोलत नाही एवढंच. सोमवारी किंवा गुरुवारी ये. त्या दिवशी मी बाहेरच्या शिकवण्यांना जातो, सात वाजेपर्यंत घरी नसतो. सात वाजून गेले आणि तू अजून बसलेला असलास, तर मी काही तुला जा म्हणणार नाही. पण बोलेन की नाही, ते आज मला माहीत नाही.

तुझा बाबा